निवृत्तीनंतरची रसिकता

‘कलेची खरी गोडी चाळिशीनंतर लागते, वस्तुसंग्रहालये ही निवृत्तीनंतर सावकाश पाहावयाची स्थळे होत,’ असे एक सोयीस्कर मत आपल्या नोकरपेशा वर्गात रूढ होऊन बसले आहे. लहानपणी संग्रहालयात आपण तलवारी पाहिल्या, तारुण्यात घड्याळ पाहिले. तेव्हा उतारवयात रसिकता आपोआप उमलेल, असा हा हिशेब. वार्षिक वेतनवाढीप्रमाणे अभिरुचीही वयाबरोबर वाढते, ही समजूत मला साफ चुकीची वाटते.

वयाने काहीच पालटत नाही, असे माझे म्हणणे नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते पाहून दहा वर्षांचा मुलगा जांभई देतो. त्याच अडकित्त्यांपुढे पन्नाशीच्या गृहस्थाचे डोळे पाणावतात. परंतु त्याला अडकित्ता दिसतो, की आजी? स्मृती ही थोर गोष्ट खरी. पण तिलाच कलादृष्टी म्हणणे ही आत्मवंचना होय. खुद्द दिनकर केळकरांनी या संग्रहास तरुणपणीच आरंभ केला आणि अर्धशतकाच्या परिश्रमानंतर, १९७५ साली, तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांची दृष्टी म्हातारपणाने दिलेली नव्हती.

ज्या वस्तूंशी आपली घरगुती आठवण निगडित नाही, त्यांच्यापुढेच रसिकतेची खरी परीक्षा होते. टहरौलीसारख्या तहसिलीच्या गावी नेमणूक झालेल्या मराठी माणसास ती परीक्षा देण्यासाठी फार दूर जावयास नको. जिल्ह्याच्या ठिकाणी, झाशीस, राणीमहाल आहे. तेथे नवव्या ते बाराव्या शतकांतील पाषाणमूर्ती मांडलेल्या आहेत. आपले बांधव जातात, राणीसाहेबांच्या स्मृतीस वंदन करतात, आणि तेवढे करून मूर्तींच्या रांगेतून गाडीची वेळ विचारीत बाहेर पडतात. वंदन योग्यच, पण त्या मूर्तींपुढे साठीचे आजोबा आणि सहा वर्षांचा नातू दोघेही सारखेच निरक्षर! मग मधल्या चोपन्न वर्षांनी काय शिकविले?

याच झाशीत १८५८ च्या वेढ्याच्या वेळी विष्णुभट गोडसे होते. १८५७ साली, ऐन तिशीत, ते वरसईहून निघाले होते. शहरातील ग्रंथसंग्रहाचा विध्वंसही त्यांनी पाहिला. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिला तो त्यानंतर सुमारे पाव शतकाने, आणि तो छापून निघाला १९०७ साली. वार्धक्याने त्यांच्या अनुभवास अर्थ दिला असेल. पण पाहण्याचे काम तिशीतल्या डोळ्यांनी आधीच करून ठेवले होते. जे साठविलेच नाही, त्याचे व्याज उतारवय कोठून देणार?

म्हणून परप्रांती नोकरी करणाऱ्या बांधवांस माझे सांगणे एवढेच: बदलीचा हुकूम येण्यापूर्वी एकदा मुलाबाळांसह राणीमहालात जा. सगळा महाल पाहण्याचा हट्ट नको. एकाच मूर्तीपुढे पाव तास उभे राहा. देहाचा भार कोणत्या पायावर आहे, तुटलेला हात कोठे वळला असावा, हे मुलांस विचारा आणि स्वतःसही विचारा. पुढच्या महिन्यात पुन्हा जा. कदाचित मुलाचे उत्तर तुमच्यापेक्षा सरस निघेल. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही; पाहण्यात सेवाज्येष्ठता चालत नाही.