नळी बांधणाऱ्यांची जबाबदारी

कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा भार आपल्या देशात जवळजवळ संपूर्णपणे स्त्रियांच्या देहावर टाकण्यात आला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नसबंदी झालेल्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण ३७.९ टक्के आढळले. पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्के! या विषमतेचा एक जीवघेणा परिणाम क्वचितच चर्चिला जातो.

नसबंदी सहसा अपयशी ठरत नाही. परंतु ठरलीच, तर त्यानंतर राहिलेल्या गर्भांपैकी सुमारे एक-तृतीयांश गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेतच, रुजतात. वाढत्या गर्भाने नलिका फुटते आणि पोटात रक्तस्राव सुरू होतो. चुकलेली पाळी, ओटीपोटातील कळ, अंगावरून थोडे रक्त जाणे, भोवळ ही त्याची लक्षणे होत. तथापि ‘ऑपरेशन झालेल्या’ बाईस दिवस गेले असतील, ही शंकाच कोणास येत नाही आणि पोटदुखीच्या गोळ्यांवर मोलाचे तास दवडले जातात.

वस्तुतः निदान गूढ नाही. लघवीची गर्भचाचणी होकारार्थी आणि सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे, एवढ्यावरून संशय बळावला पाहिजे. वेळीच कळल्यास काही रुग्णांना मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन पुरते. नलिका फुटल्यावर मात्र शस्त्रक्रियेने ती काढून रक्तस्राव थांबविण्यावाचून गत्यंतर नाही. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी १८८३ सालीच ही शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविली होती.

तिला हवेत सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने सर्जनांची तूट सुमारे ८३ टक्के, तर स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४ टक्के होती. नसबंदीची शिबिरे भरवायची होती, तेव्हा याच शासनाला सर्जन तालुक्याच्या गावी आणता आले. नळी बांधताना जे साधते, ती फुटल्यावर का साधू नये? ज्यांनी शस्त्रक्रियेचा आग्रह धरला, त्यांना तिच्या अपयशाची जबाबदारी झटकता येणार नाही.

कार्यकर्त्यांनी आपापल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारावे: रात्री भूलतज्ज्ञ मिळतो काय? रक्तसाठवण केंद्र चालू आहे काय? उत्तर लेखी घ्यावे आणि ते नकारार्थी असल्यास जिल्हा परिषदेपासून विधानसभेपर्यंत जाब विचारावा. आणि वस्तीवस्तीत सांगावे: नसबंदीनंतरही पाळी चुकली, तर त्याच आठवड्यात तपासणी झालीच पाहिजे.