मोटारीला एक माप, कापसाला दुसरे



पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरून धायरी फाट्याला आत वळले की पत्र्याच्या शेड लागतात. आत लेथ चालतात, प्रेस आपटतात, मोटारींचे सुटे भाग तयार होतात. इथे पूर्वी ज्वारी होती हे सांगणारी म्हातारी माणसे गावात अजून आहेत. २०१७ साली उरलीसुरली धायरीही पुणे महापालिकेत गेली. मी इथेच भाड्याने राहतो आणि तुमच्याकडच्या बैठकांना इथूनच एस.टी. धरतो. या शेडमध्ये कंत्राटदाराच्या हजेरीवर राबणारी कितीतरी पोरे तुमच्याच गावांतली आहेत.

असाच एक पोरगा जानेवारीत चहाच्या टपरीवर भेटला. बाप चार एकर कोरडवाहूत कापूस करतो. म्हणाला, "सर, कंपन्यांनी गाड्यांचे भाव वाढवले. पोलाद महागलं म्हणे. आमच्या बाबांचं खत महागलं तर कापसाचा भाव कोण वाढवतंय?"

कृषी महाविद्यालयात मी चार वर्षे घालवली. बोंडअळी शिकलो, खताच्या मात्रा शिकलो. या प्रश्नाचा पेपर कधी नव्हता.

मोटार कारखानदार वर्षाच्या सुरुवातीला उघड जाहीर करतो की खर्च वाढला, म्हणून किंमत वाढली. कोणी त्याला देशद्रोही म्हणत नाही. उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव आपण मागितला की मात्र अर्थशास्त्र कोसळते, महागाई भडकते! हे कारखानदाराला जमते कसे? तो आपल्यापेक्षा हुशार आहे म्हणून नव्हे. त्याच्या पाठीशी सरकार भिंतीसारखे उभे राहिले म्हणून.

ही भिंत किती उंच होती ते पाहा. परदेशातून तयार मोटार आणायची तर वर्षानुवर्षे ६० ते १०० टक्के आणि त्याहूनही अधिक आयात शुल्क होते. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला. त्यात हे शुल्क १० टक्क्यांपर्यंत उतरवायचे ठरले, पण ठराविक संख्येच्या गाड्यांपुरते आणि टप्प्याटप्प्याने. कारखानदाराला सावरायला वेळ मिळावा म्हणून. यात चूक काही नाही. धंदा असाच सांभाळायचा असतो.

आता कापूस. २०२१ च्या अर्थसंकल्पात आयातीवर सुमारे ११ टक्के शुल्क बसले. २०२२ मध्ये भाव जरा वर गेला, तसे ते एप्रिलपासून काही महिने उठवले. मग आला २०२५ चा ऑगस्ट. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर चढवला, कापड गिरण्या अडचणीत आल्या. १८ ऑगस्टला आदेश निघाला आणि १९ पासून कापसावरचे शुल्क शून्य! मुदत ३० सप्टेंबरची होती. महिना संपायच्या आत ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे ऐन वेचणीचे महिने त्यात आले. १९ ऑगस्टला तुमच्या शेतात काय होते? पाते, फुले, कुठे हिरवी बोंडे. बियाणे, खत, फवारणी, निंदणी, सगळा खर्च होऊन गेलेला. मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर होता, आणि खेडा खरेदीवाला त्याच्या खालचे आकडे सांगत होता. अमेरिकेशी भांडण सरकारचे, अडचण गिरणीची, भरपाई मात्र कोरडवाहू शेतकऱ्याच्या गाठोड्यातून.

मोटारीला वर्षांची मुदत, कापसाला एक रात्र.

हे आजचेच नाही. मोटार उद्योगाचा परवाना १९९३ साली सुटला. महाराष्ट्रातला कापूस मात्र १९७२ पासून सुमारे तीस वर्षे एकाधिकार खरेदीत अडकून होता. आपला कापूस आपल्या गाडीत भरून परराज्यात विकायला नेला तर तो गुन्हा.

आणि चाकण आठवा. १९७८ ते १९८० या काळात कांद्याच्या भावासाठी शेतकरी जिथे रस्त्यावर बसले ते हे चाकण. जानेवारी १९८० मध्ये वांद्रे ते चाकण असे ६४ किलोमीटर बायाबापड्या थंडीत चालल्या, कशासाठी, तर रस्त्यासाठी! त्याच चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना उघडला, मर्सिडीजही आली, पुढच्या वर्षी महिंद्राचा कारखाना आला. जमीन १९६१ च्या कायद्याने एम.आय.डी.सी.ने मिळवायची, रस्ता, पाणी, वीज जागेवर, वर करात परतावा. पदयात्रा कोणाला काढावी लागली नाही.

मी मोटारीचा वैरी नाही. देशाच्या उत्पन्नात या धंद्याचा सुमारे ७ टक्के वाटा आहे असे सांगतात, आणि धायरीच्या शेडमधून तुमच्या घरी मनिऑर्डर, आता फोनवरून, पैसे येतात हे मी रोज पाहतो. पण ही नोकरी सातबारा नव्हे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ ला सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यातले उत्पादन थांबले. २०२४ च्या सुरुवातीला तो ह्युंदाईकडे गेला. कारखाना विकता येतो. मधल्या काळातल्या कामगाराचे काय, याचा ताळेबंद कोणी छापत नाही.

धुराचाही छापत नाहीत. धुराड्यातून निघणारे नायट्रोजनचे वायू आणि न जळालेल्या इंधनाची वाफ यांच्यावर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो वाऱ्यासोबत शहराबाहेर पसरतो, पानांच्या छिद्रांतून आत शिरतो आणि पानाची अन्न करण्याची ताकद कमी करतो. ज्वारी त्याला बऱ्यापैकी तोंड देते. कापूस नाजूक. पुण्यातल्याच उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली अंदाज मांडला: ओझोनमुळे देशात वर्षाला गव्हाची सुमारे ३५ लाख टन आणि तांदळाची २१ लाख टन घट होते. सगळा दोष मोटारीचा नाही. ट्रक आहेत, औष्णिक वीज केंद्रे आहेत, आपण पेटवलेली धसकटेही आहेत. पण गाडीच्या किमतीत पोलाद धरतात, रबर धरतात. आपल्या पिकाची ही घट कोणत्या रकान्यात धरली आहे, ते मला कोणी दाखवावे.

कोणी म्हणेल, तुम्ही खुल्या बाजाराची भाषा करता आणि शुल्क मागता? नाही. मी एकच माप मागतो. शुल्क उठवायचे तर मोटारीसारखेच, आधी सांगून, टप्प्याने. आणि पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत कापसाच्या आयातीचे नियम बदलायचे नाहीत. बदल करायचा तर मे महिन्याच्या आत सांगा. परवडले नाही तर आम्ही तूर पेरू, ज्वारी पेरू.

जिल्हा बैठकीत हाच ठराव मांडायचा आहे. येताना ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ मधल्या कापसाच्या काटापट्ट्या घेऊन या. तारीख, वजन आणि भाव वाचता आला पाहिजे. प्रत्येक पट्टीवर ७,७१० च्या खाली किती रुपये गेले ते तिथेच मांडू, गावनिहाय बेरीज करू, आणि तो आकडा ठरावासोबत दिल्लीला पाठवू.