एका दिवसाचे पाहुणे

प्रवासाने माणूस शहाणा होतो, ही समजूत आपल्या मनात खोलवर रुजलेली आहे. परंतु कोणत्या प्रवासाने तो शहाणा होतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. स्थळांच्या यादीवर एकामागून एक खुणा करीत जाणे हाही प्रवास; आणि एखाद्या गावी मुक्काम करून तेथील जीवन न्याहाळणे हाही प्रवासच. या दोहोंत मोठे अंतर आहे. बेल्जियम देशातील ब्रूज या कालव्यांच्या गावाकडे पाहिले म्हणजे ते अंतर विशेष स्पष्ट होते.

ब्रूज हे गाव पाण्याने घडवले. ११३४ साली समुद्राला आलेल्या तुफानाने किनारा फोडला आणि झ्वीन नावाची खाडी गावाच्या दिशेने आत शिरली. त्या वाटेने जहाजे येऊ लागली. इंग्लंडची लोकर, फ्लँडर्सचे कापड, रशियाकडील फर आणि इटलीच्या व्यापाऱ्यांच्या हातून आलेली आपल्या मलबारची मिरीसुद्धा येथे विकली जाई. दूरदेशीचे व्यापारी येथे दीर्घकाळ राहत. व्हान डेर बुर्स नावाच्या कुटुंबाच्या पथिकाश्रमापाशी त्यांचे व्यवहार चालत. शेअर बाजारासाठी फ्रेंच भाषेत जो ‘बुर्स’ हा शब्द आहे, तो याच नावावरून आला असे मानले जाते. थोडक्यात, पाहुण्याने मुक्काम करावा आणि त्यातून गावाची व पाहुण्याची, दोघांचीही भरभराट व्हावी, अशी त्या काळची रीत होती.

पुढे खाडी गाळाने भरत गेली. १५०० च्या सुमारास मोठ्या जहाजांची वाट बंद झाली आणि व्यापार अँटवर्पकडे वळला. गाव खंगले. जुनी घरे पाडून नवी उभारण्याइतका पैसा फारसा कोणाजवळ उरला नाही, म्हणूनच ती घरे टिकली. १८९२ साली जॉर्ज रोडेनबाख यांनी या गावाच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या फ्रेंच कादंबरीचे नावच ‘मृत ब्रूज’ अशा अर्थाचे आहे. ज्या दारिद्र्याने गावाचे वैभव नेले, त्यानेच गावाचे रूप राखले आणि त्या रूपाने पुढे जगभरच्या प्रवाशांना बोलावले. २००० साली युनेस्कोने ब्रूजच्या जुन्या गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आज त्या जुन्या गावात सुमारे २० हजार लोक राहतात, तर वर्षाकाठी लाखो प्रवासी तेथे येतात. त्यांतील बहुसंख्य सकाळी येतात आणि सायंकाळी परततात. चौकात छायाचित्रे काढावीत, नावेतून अर्ध्या तासाची फेरी मारावी, चॉकलेटचा डबा घ्यावा आणि बस गाठावी, असा त्यांचा क्रम असतो. गल्लीबोळांत गर्दीचा ताण मात्र तेथील रहिवाशांनी सोसायचा. अखेर २०१९ साली नगरप्रशासनाने जवळच्या झेब्रुग बंदरात येणाऱ्या पर्यटक जहाजांवर मर्यादा घालण्याचे आणि एका दिवसाच्या सहलींची जाहिरात थांबवण्याचे धोरण जाहीर केले. आपल्याकडे तिसऱ्या दिवशीही मुक्काम न हलवणाऱ्या पाहुण्याची अक्कल गेली, असे सांगणारी म्हण आहे. ब्रूजची तक्रार नेमकी उलटी आहे: पाहुणा राहतच नाही!

आम्ही घरची पाच माणसे ब्रसेल्सहून तासाभराच्या आगगाडीच्या प्रवासाने तेथे गेलो आणि एक रात्र राहिलो. पाहायच्या गोष्टी मोजक्याच ठरवल्या होत्या. मुलांनी ८३ मीटर उंचीच्या घंटामनोऱ्याच्या ३६६ पायऱ्या मोजत चढून, वरच्या ४७ घंटांचा नाद ऐकला. माझी आई तेराव्या शतकात वसवलेल्या ‘बेगिनहोफ’ या वसाहतीत झाडांखाली तासभर बसून राहिली. आजन्म संन्यासाची शपथ न घेता, स्वतःच्या कष्टावर जगत, प्रार्थनेत आयुष्य घालवणाऱ्या स्त्रियांची ती वसाहत होती. त्या काळी बाया एकमेकींच्या आधाराने अशा राहत, याचे आईला नवल वाटले आणि तिच्या प्रश्नांना अंत राहिला नाही. सायंकाळी गर्दी ओसरली. खिडक्यांत दिवे लागले, कोणी सायकलवरून घरी परतले, कोणी भाजीची पिशवी घेऊन पूल ओलांडला. चित्रासारख्या दिसणाऱ्या त्या घरांत माणसे राहतात, हे मुलांच्या तेव्हा प्रथमच ध्यानात आले. सकाळच्या गर्दीत ते कळणे शक्यच नव्हते.

यावर कोणी म्हणेल, की परदेशी मुक्काम करणे सर्वांना कोठे परवडते? रजा थोडी, खर्च अफाट आणि तिकडे जाण्याची संधी कदाचित आयुष्यात एकदाच. ही अडचण खरी आहे. ती हसण्यावारी नेता येणार नाही. शिवाय येणाऱ्या प्रवाशांवर तेथील अनेकांचा चरितार्थ चालतो, हेही विसरून चालणार नाही. परंतु रजा थोडी असेल, तर वेळ कमी करण्याऐवजी गावे कमी करावीत. दहा दिवसांत सहा देश पाहण्याऐवजी दोनच पाहावेत. आणि हाताशी खरोखरच चार तास असतील, तर दहा ठिकाणी धावण्यापेक्षा एका ठिकाणी शांतपणे बसावे. घरातील वृद्धांचे गुडघे आणि लहानांची उत्सुकता, दोन्ही त्यामुळे शाबूत राहतात.

ब्रूजचे लोक आपल्या गावाला जपतात. अवजड वाहनांचा त्रास कमी व्हावा म्हणून तेथील एका बिअर कारखान्याने २०१६ साली जमिनीखालून सुमारे तीन किलोमीटर लांबीची नळीच टाकली. यजमान एवढी काळजी घेत असताना पाहुण्याचेही काही कर्तव्य आहे. हळू बोलावे, लोकांच्या खिडक्यांत डोकावू नये, शक्य तर एक रात्र राहावे आणि निघताना त्या गावाविषयी एक तरी गोष्ट नीट समजून घेतलेली असावी. हा नियम दूरच्या ब्रूजला जेवढा लागू आहे, तेवढाच आपण सुटीत ज्या-ज्या गावी जातो त्या प्रत्येक गावाला लागू आहे. किती स्थळे पाहिली याचा हिशेब तिकिटांवरून मांडता येतो. काय समजले याचा हिशेब मात्र ज्याचा त्यालाच द्यावा लागतो.