पळणारा घोडा की पळवलेला?

गुडघाभर पाण्यातून पांढरे घोडे उधळले आहेत, आयाळी वाऱ्यावर आहेत, अंगाभोवती तुषारांचे धुके आहे. हे चित्र पुष्कळांनी कॅलेंडरवर पाहिले असेल. खाली लिहिलेले असते, 'रानटी घोडे'. ते बहुधा दक्षिण फ्रान्समधील कामार्गचे असतात. ऱ्होन नदीच्या मुखाजवळचा हा दलदलीचा, मिठागरांचा मुलूख वसईकराला परका वाटू नये. मात्र तेथील घोडे मोकळे चरत असले तरी त्यांना मालक असतात. अशा अनेक चित्रांसाठी राखणदारच त्यांना पाण्यातून पिटाळतात आणि पैसे भरलेले छायाचित्रकार समोर ठरल्या जागी सज्ज असतात.

माझा आक्षेप पैशाला नाही, 'रानटी' या शब्दाला आहे. १८७८ साली मायब्रिजने कॅमेऱ्यांची रांग मांडून दाखवले, की दौडत्या घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात. तेथेही घोडा पळवलाच होता. पण तो उघड प्रयोग होता, निसर्गाचे सोंग नव्हते. तमिळनाडूत कोडियाक्करई येथे १९६७ पासून काळविटांसाठी राखलेले अभयारण्य आहे. तेथे समुद्रकाठी खरोखर मोकाट तट्टे आहेत. चरणाऱ्या जनावराची मान बहुतेक वेळ खालीच असणार. मग ते चित्र कमी खरे कसे?

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. वसईला रानघोडे नाहीत. पण हिवाळ्यात भुईगावच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की कुरव आणि चिखल्या उतरतात. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून त्यांच्या अंगावर धावत जाणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. दुरून आलेल्या या पाहुण्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते. चिखल उघडा असतो तेवढ्याच वेळात पोट भरायचे. भरती आली की ताट उचलले जाते. दर वेळी उठवलेला थवा तो घास आणि ती ताकद दोन्ही गमावतो.

म्हणून स्नेहसंमेलनातील छायाचित्र-प्रदर्शनासाठी माझी एक सूचना आहे. प्रत्येक चित्राखाली ते कसे मिळाले, हे एका ओळीत लिहावे. परीक्षकांनीही उडालेल्या थव्याइतकेच गुण निवांत टिपणाऱ्या पक्ष्याला द्यावेत. बक्षीस मिळेनासे झाले, की दगड मारून पाखरे उडवण्याची कला आपोआप मागे पडेल. मित्रहो, वाट पाहणे हीदेखील छायाचित्रणातील विद्याच आहे.