तसबिरीच्या कडेचा माणूस

पनवेलच्या लाइन आळीतले आमचे जुने घर पाडायचे ठरले आणि ओटीवरची तसबीर खाली उतरली. तीन पिढ्यांनी ती तिथेच पाहिलेली. पणजोबा खुर्चीत बसलेले, डोक्याला पगडी, अंगात कोट, मांडीवर आडवी बंदूक आणि पायाशी मारलेला बिबट्या. पाठीमागे आजोबांच्या अक्षरात लिहिलेले: 'कर्नाळ्याचे रान, सन 1898'. प्लेगच्या साली, लोक घरे सोडून झोपड्यांत राहायला गेलेले असताना, पणजोबांनी एका गोळीत बिबट्या लोळवला, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगितली जाते. मीही माझ्या मुलांना सांगितली आहे.

तसबीर नव्या फ्लॅटमध्ये न्यायची तर काच बदलायला हवी होती. ती घेऊन निघालो तो वाटेत आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार भेटले. त्यांची सारी नोकरी पलटणीत शस्त्रे दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी चष्मा पुसला, पणजोबांकडे ढुंकूनही न पाहता बंदुकीकडे पाहिले आणि म्हणाले, "साल चुकलंय."

जुन्या फोटोतली बंदूक ओळखायची कशी, हे त्या दुपारी मी चहाच्या दोन कपांत शिकलो. वाचकहो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी तसबीर असेल, म्हणून सांगतो. आधी नळीच्या खाली पाहावे. तिथे लोखंडी गज खोचलेला दिसला आणि बाजूला घोडा असला, तर ती ठासणीची. कोकणात तिला केपाची बंदूक म्हणतात. शेजारी-शेजारी दोन नळ्या असतील तर दुनळी. तिचे घोडे बाहेर दिसत असतील तर घडण बहुधा जुनी. कारण घोडे आत दडवलेली, पुढे सर्वत्र पसरलेली रचना 1875 साली इंग्लंडात निघाली. दुनळी छऱ्याची की रायफल, हे नळीवरच्या नेम धरायच्या खाचेवरून कळते. छऱ्याच्या बंदुकीला सहसा टोकाची माशी तेवढी असते. चापाच्या कडीमागे खाली ओढायचा दांडा असेल, पण घोडाही नाही आणि बोल्टही नाही, तर ती 1871 सालची मार्टिनी-हेन्री असू शकते. उजव्या हाताला बोल्टची मूठ आणि चापाच्या पुढे काडतुसांची पेटी दिसली, की आपण आणखी पुढच्या काळात आलो.

"आणि बोल्ट डाव्या हाताला दिसला तर?" मी विचारले.

"तर कोटाची बटणं बघा. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर असते. ती उजवी दिसली तर काच उलटी छापलीय. बंदुकीला दोष देऊ नका."

पणजोबांच्या मांडीवरच्या बंदुकीला बोल्ट होता, पेटी होती आणि लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेले होते. असे बोथट नाक आखूड ली-एन्फिल्डचे. ती 1902-03 च्या आधी नव्हतीच. म्हणजे 1898 हे साल गेले. बंदुकीवरून साल काढताना एक मात्र ध्यानात ठेवावे: फोटो कधीच्या आधीचा नाही एवढेच ती सांगते. कधीच्या नंतरचा नाही, हे ती सांगत नाही. एकेक बंदूक तीन पिढ्या चालते.

पण साल जाण्यापेक्षा मोठे काही गेले होते. ती बंदूक सरकारी होती. 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले होते. दुसऱ्याच वर्षी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके सशस्त्र बंड करून उठले, हे आपण शाळेत शिकतो. परवाना मिळाला तरी पलटणीच्या बोअरची रायफल खासगी माणसाला सहसा मिळत नसे. तेव्हा ती कुणा साहेबाची किंवा पोलिसाची, फोटोपुरती मांडीवर घेतलेली असणार. यात नवल नाही. त्या काळचे स्टुडिओवालेही खुर्ची, कुंडी आणि पडदा जसा ठेवत, तशी बंदूकही ठेवत.

घरी येऊन मी तसबीर उघडली. चौकटीआतला पुठ्ठा काढला आणि त्याखाली झाकलेली फोटोची डावी कड उजेडात आली. तिथे एक माणूस उभा होता. कमरेला लंगोटी, खांद्याला दारूचे शिंग आणि हातात ठासणीची बंदूक; नळीखालचा गज स्पष्ट दिसत होता. बहुधा कातकरी. पुठ्ठा कापणाऱ्याने त्याला बरोबर कोपरापाशी कापून बाहेर काढले होते.

काकांना दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अरे, आता काय आमच्या आजोबांचा बिबट्या काढून घेतोस?"

काकांचे दुःख मला कळते. आणि खरे सांगायचे तर बिबट्या कुणी मारला हे तो फोटो सांगतच नाही. गोळी सुटल्याचा क्षण त्यात नाही. नंतर मांडून बसवलेली बैठक आहे. ज्याच्या हाती बंदूक तोच शिकारी, हे आपण धरून चालतो. पण हाका कुणी घातला, माग कुणी काढला, मचाण कुणी बांधले, ही माणसे शिकारीच्या फोटोत नेहमी कडेला असतात, आणि कड हीच आधी कापली जाते.

आज असल्या फोटोंचे दोनच प्रकार होताना दिसतात. काही घरांत ते मिरवले जातात. काही घरांत नव्या पिढीला लाज वाटते आणि ते रद्दीत जातात. लाज वाटणे मी समजू शकतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या मुलांना मेलेल्या बिबट्यावर पाय ठेवणारा पणजोबा कसा आवडावा? पण फेकून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. 1947 साली कोरियाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. त्यांचे छायाचित्र मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे आले, म्हणून भारतातल्या शेवटच्या चित्त्यांची नोंद राहिली. ते छायाचित्र पाहून अभिमान कुणाला वाटणार? तरी ते जपलेच पाहिजे. तो पुरावा आहे.

म्हणून माझे म्हणणे इतकेच, की मिरवू नका, फेकू नका, वाचा. फोटो कापू नका, पुठ्ठ्याखाली पाहा, माहीत असलेली नावे मागे हलक्या हाताने पेन्सिलीने लिहा. माळ्यावर खरीच बंदूक किंवा कातडे सापडले तर कायदा काय म्हणतो ते विचारा. फोटो ठेवायला मात्र परवाना लागत नाही.

गेल्या महिन्यात त्या फोटोची प्रत घेऊन मी कर्नाळ्याकडच्या एका कातकरी वाडीवर गेलो. कडेच्या माणसाला कुणी ओळखले नाही. एवढ्या वर्षांनी ओळखणार तरी कसे? एका म्हाताऱ्याने बंदुकीवर बोट ठेवले. "ही केपाची. आमच्यात पन व्हती." मग थोड्या वेळाने म्हणाला, "ह्यो फोटू आमाला द्याल? आमच्या कुनाचाच जुना फोटू नाय."

प्रत मी तिथेच ठेवून आलो. आमच्या नव्या घरात तसबीर आता पुठ्ठ्याशिवाय लावली आहे. आजोबांचे अक्षर मी खोडलेले नाही. खाली माझ्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: 'साल 1903 च्या अलीकडचे. डावीकडच्या गृहस्थांचे नाव विचारायचे राहून गेले.' काका परवा येऊन ती वाचून गेले. काही बोलले नाहीत. पण पुढच्या लग्नात ती गोष्ट कशी सांगतात, याकडे माझे लक्ष आहे.