कपाटातले पासबुक

आमच्या वडिलांच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात एक रेक्झिनची पिशवी असे. तीत बँकेची पासबुके, मुदत ठेवींच्या पावत्या, विम्याची कागदपत्रे. आईचे बँकेत जाणे क्वचितच होई. पण पिशवी कोठे आहे, हे तिला पक्के ठाऊक होते. वडील गेल्यावर आम्ही भावंडांनी ती उघडली आणि तासाभरात सारा हिशेब समोर मांडला गेला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गृहस्थांचे आकस्मिक निधन झाले. घरचे सर्व व्यवहार ते भ्रमणध्वनीवरूनच करीत. वीजबिल, मुलांचे शुल्क, ठेवींचे नूतनीकरण, सारे काही. पत्नी शिक्षिका, तरीही ठेवी किती व कोणत्या बँकेत, हे त्यांना सांगता येईना. दूरध्वनीला बोटाच्या ठशाचे कुलूप. संदेश आल्याची खूण पडद्यावर उमटे, मजकूर मात्र वाचता येत नसे. वीजबिल थकल्याचे तर जोडणी तोडण्याची सूचना दारी आली तेव्हा कळले. एक ठेव अखेर जुन्या आयकर विवरणपत्राच्या छापील प्रतीतील व्याजाच्या नोंदीवरून सापडली.

तंत्रज्ञानाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. २०१६ साली आलेल्या यूपीआयने सुट्या पैशांची कटकट मिटवली, हे मी रोज भाजी घेताना अनुभवतो. पण आपल्या परावलंबनाची चर्चा होते ती यंत्रणा बंद पडली तर काय, एवढ्यापुरतीच. माझ्या मते खरा बदल घरात झाला आहे. व्यवहार सोपा झाला आणि त्याचबरोबर एकट्याचा झाला. पासबुक घरातील कोणालाही वाचता येई. (अर्थात त्यामुळेच कित्येक सुनांची शिल्लक सासरी उघडी पडे, हेही विसरता कामा नये!)

१० वर्षे व्यवहार वा दावा न झालेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. पैसा बुडत नाही, पुढेही मागता येतो. अशा ठेवींच्या शोधासाठी २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळही सुरू झाले. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चारपर्यंत व्यक्ती नामनिर्देशित करता येतात. सोय उत्तमच, परंतु ज्याचे नाव लावले, त्याला खाते असल्याचे तरी माहीत हवे ना? त्यासाठी पिन वा पासवर्ड कोणालाही सांगण्याची गरज नाही, सांगूही नये. बँक, शाखा, ठेवीचा प्रकार, नामनिर्देशन झाले की नाही, एवढे एका कागदावर पुरेसे आहे.

गेल्या दिवाळीत मी तशी यादी करून पत्नीपुढे ठेवली. तिने ती लक्षपूर्वक वाचली, माझ्या हातातले पेन घेतले आणि खाली स्वतःच्या दोन खात्यांची भर घातली. त्यांपैकी एकाची मला कल्पनाच नव्हती.