तळेगावला सातबारा, दुबईला नुसता विश्वास

परवा रविवारी साडूंच्या आग्रहाखातर पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात गेलो होतो. 'दुबई प्रॉपर्टी'चं प्रदर्शन होतं. एसी हॉल, फुकट कॉफी, टाय लावलेली चटपटीत पोरं. साडू गेल्या वर्षी रिटायर झाले. पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे एफडीत आहेत आणि एफडी म्हणजे मूर्खपणा, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय.

पोरगा सांगत होता, "काका, बुकिंगला दहा टक्के, मग महिन्याला फक्त एक टक्का. भाडं टॅक्स-फ्री. कार्ड द्या, आत्ताच बुक करून टाकू."

साडूंनी पाकीट काढलं. मी त्यांचा हात धरला. तेव्हापासून आमच्यात अबोला आहे. असो.

हेच साडू तळेगावला दोन गुंठ्यांचा प्लॉट बघत होते, तेव्हा सातबारा मागितला, फेरफार मागितला, एनए ऑर्डर तपासली, वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढला. शेवटी बाजूने ओढा जातो म्हणून सोडून दिला. शहाणपणाच केला. आणि इथे? समुद्र पलीकडे, इमारत अजून कागदावर, आणि हातात क्रेडिट कार्ड!

आता त्या पोराचं एकेक वाक्य घेऊ.

'फक्त एक टक्का.' फ्लॅट १० लाख दिरहामचा. दिरहाम २४ रुपये धरा. म्हणजे २ कोटी ४० लाख. त्याचा एक टक्का म्हणजे महिन्याला २ लाख ४० हजार रुपये. साडूंची पेन्शन किती, हे त्या पोराने विचारलंही नाही. शिवाय दिरहाम डॉलरला बांधलेला आहे. २०१३ च्या सुरुवातीला तो १५ रुपयांच्या आसपास होता. रुपया घसरला की फ्लॅटची रुपयातली किंमत वाढते हे खरं, पण हप्ताही वाढतो, आणि पेन्शन रुपयातच येते. त्यात तिथल्या जमीन खात्याची ४ टक्के फी वेगळी.

'टॅक्स-फ्री.' कुणाला? दुबईत भाड्यावर आयकर नाही, खरं आहे. पण तुम्ही भारतात राहता, तर जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. ते भाडं ३० टक्के वजावट जाऊन तुमच्या स्लॅबने करपात्र आहे. शिवाय रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो. तो भरला नाही तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तांना या दंडातून सूट मिळाली, पण त्यातून घर-जमीन वगळली आहे. म्हणजे आयुष्यभर इमानदारीत टॅक्स भरलेला माणूस एका न भरलेल्या रकान्यापायी काळा पैसावाल्यांच्या रांगेत!

'कार्ड द्या.' परदेशात घर घ्यायला क्रेडिट कार्ड हा मार्गच नाही. पैसे बँकेतून, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली पाठवायचे. मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. वर्षाला १० लाखांच्या वर गेलात की २० टक्के टीसीएस कापला जातो. वरच्या हिशोबाने साडूंचे पहिल्याच वर्षी बावन्न-त्रेपन्न लाख जातील आणि त्यावर साडेआठ लाखांच्या आसपास टीसीएस. तो रिटर्न भरल्यावर परत मिळू शकतो, पण तोवर पैसा अडकला ना? यातलं एक अक्षर त्या हॉलमध्ये कुणी उच्चारलं नाही.

आता मुद्दा सरकारचा. वाकडमधला वन बीएचके विकायचा तर प्रकल्प महारेरात नोंदवावा लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. एजंटला परीक्षा आहे. म्युच्युअल फंड विकणाऱ्याला परीक्षा आहे, विमा एजंटला आहे. पण महारेराचा अधिकार महाराष्ट्रातल्या प्रकल्पांपुरता. त्यामुळे पुण्यात बसून, पुण्याच्या माणसाला अडीच कोटींचं परदेशी घर विकणारा यातल्या कशातच बसत नाही. खुद्द दुबईत दलाली करायची तर तिथल्या रेराचं कार्ड लागतं. आणि आपल्याकडे टाय पुरतो!

कुणी म्हणेल, तुमचा दुबईवर राग आहे का? अजिबात नाही. २००२ पासून तिथे परदेशी माणसाला घर घेता येतं. बांधकामाचे पैसे एस्क्रो खात्यात ठेवायचा कायदा त्यांनी २००७ मध्येच केला. तिथे राहून दिरहाममध्ये कमावणाऱ्या आपल्या माणसांचं गणित वेगळं आहे, त्यांनी खुशाल घ्यावं. पण २००८-०९ मध्ये तिथले भाव जवळजवळ निम्म्यावर आले होते, हेही हॉलमध्ये सांगा ना!

मागणी साधी आहे. महाराष्ट्रात परदेशी घर विकणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी करा. आणि बुकिंगआधी एक पानी मराठी पत्रक सक्तीचं करा: इथला कर, टीसीएस, पैसे पाठवायचा कायदेशीर मार्ग, हप्ता चुकला तर काय होतं, आणि मालक गेल्यावर वारसांना तिथे काय करावं लागतं. त्यावर विकणाऱ्याची सही. कायदा बदलावा लागेल तर बदला. आमदार-खासदार मत मागायला येतात तेव्हा हा प्रश्न त्यांना विचारा.

तोवर आपणच शहाणं व्हायचं. घरात कुणी नुकतं रिटायर झालं असेल तर ही पोस्ट त्यांना वाचून दाखवा. आणि अशा हॉलमध्ये गेलातच तर कॉफी प्या, पाकीट घरी ठेवा. आधी सीएला भेटा, मग दुबईला.

साडूंचा अबोला मला परवडेल. त्यांचा पीएफ गेलेला परवडणार नाही.